कोंबड्यांना देवी येते तेव्हा: नव्या पोल्ट्रीवाल्यांसाठी

मानमोडी आणि गंबोरो या कोंबड्यांच्या रोगांची नावं नवीन पोल्ट्रीवाल्याला पहिल्याच बॅचला पाठ होतात. देवीचं नाव बहुतेकांच्या कानावर पडतं ते तुऱ्यावर फोड दिसल्यावर. तोवर लसीची वेळ निघून गेलेली असते, पण सगळं हातचं गेलेलं नसतं. देवी हा सावकाश पसरणारा रोग आहे. मानमोडीसारखी ती दोन दिवसांत शेड रिकामं करत नाही. एका कोंबडीवरून दुसरीवर जायला तिला वेळ लागतो, आणि तो वेळ ज्याने वापरला त्याचं नुकसान थोडक्यात भागतं. मात्र पहिले फोड ओळखायला डोळा तयार हवा आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत काय करायचं हे आधीच ठरलेलं हवं.

नावाचा घोळ

गावात ‘देवी’ म्हणतात, औषधवाले आणि कंपनीचे सुपरवायझर ‘पॉक्स’ किंवा ‘फाऊल पॉक्स’ म्हणतात. रोग एकच. माणसांना होणाऱ्या देवीचा विषाणू याच कुळातला होता. ती देवी जगातून संपल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, कोंबड्यांची मात्र अजून आहे. २०२२ मध्ये महाराष्ट्रात गाई-बैलांना झालेला लम्पीही याच कुळातला. पण गाईचा लम्पी कोंबडीला होत नाही आणि कोंबडीची देवी गाईला किंवा माणसाला होत नाही. मुलांना कांजिण्या आल्या की इंग्रजीतल्या ‘चिकनपॉक्स’ या नावामुळे काही जण परसातल्या कोंबड्यांकडे संशयाने बघतात. त्या दोन्हींचा काडीचा संबंध नाही. कांजिण्यांचा विषाणू वेगळ्याच कुळातला आहे.

रोग आत कसा शिरतो

हे नीट समजलं की पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात. हा विषाणू धडधाकट कातडीतून आत जाऊ शकत नाही. त्याला जखम लागते, मग ती सुईच्या टोकाएवढी असली तरी पुरते. ती जखम करतात प्रामुख्याने डास. आजारी कोंबडीला चावलेल्या डासाच्या सोंडेला विषाणू चिकटतो आणि पुढे कित्येक दिवस तो डास ज्या कोंबडीला चावेल तिला रोग देऊ शकतो. दुसरी वाट म्हणजे एकमेकींना मारलेल्या चोची, कोंबड्यांच्या झुंजी, पिंजऱ्याची बाहेर आलेली तार आणि चोच कापताना झालेली इजा.

तिसरी वाट खपल्यांची. फोड वाळून पडलेल्या खपलीत विषाणू महिनोन् महिने जिवंत राहतो. ती खपली लिटरमध्ये, म्हणजे शेडमध्ये अंथरलेल्या तुसात मिसळते, तिचा चुरा होतो, झाडताना धूळ उडते आणि श्वासावाटे तोंडा-घशाच्या नाजूक अस्तरापर्यंत पोचते. मागच्या बॅचला देवी होती, शेड नुसतं झाडून घेतलं आणि नवी पिल्लं टाकली, तर पुन्हा देवी येण्यात आश्चर्य काहीच नाही.

विषाणू शिरल्यापासून फोड दिसेपर्यंत साधारण ४ ते १० दिवस जातात. म्हणजे आज तुम्हाला पाच कोंबड्या दिसल्या, तर आतल्या आत रोग घेऊन बसलेल्या आणखी काही आहेत हे धरूनच चाला.

फोड ओळखणं

रोज सकाळी खाद्य टाकताना नजर टाकणं वेगळं आणि तपासणं वेगळं. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी कोंबड्या शांत बसल्यावर बॅटरी घेऊन आत जा. वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वीस-पंचवीस पक्षी हातात घ्या. तुरा, गळ्याखाली लोंबणारे लाल गलोल, डोळ्यांच्या पापण्या, चोचीचे कोपरे, नाकपुड्या आणि कान एवढं बघा. पाय आणि गुदद्वाराभोवतालची उघडी कातडी यांवरही कधी कधी फोड येतात.

सुरुवातीला फोड म्हणावं असं काही नसतंच. तुऱ्यावर मोहरीच्या दाण्याएवढे फिकट, पांढुरके ठिपके असतात. बोट फिरवलं की ते डोळ्यांपेक्षा आधी बोटाला कळतात. दोन-तीन दिवसांत ते वाढून पिवळट होतात, शेजारचे एकमेकांत मिसळतात आणि मग काळपट तपकिरी, खरखरीत, चामखिळीसारखी खपली धरते. खपली जबरदस्तीने काढली तर खालून रक्त येतं. तिच्या वेळेला ती गळाली तर खाली गुळगुळीत कातडी राहते. एका पक्ष्याचा हा फेरा साधारण दोन ते चार आठवड्यांचा असतो. पण रोग सगळ्यांना एकदम होत नसल्यामुळे अख्ख्या शेडमधून जायला तो याहून जास्त वेळ घेतो.

या कोरड्या देवीने सहसा फारशा कोंबड्या मरत नाहीत. नुकसान होतं ते असं, की पापण्यांवर फोड आले की डोळे मिटतात आणि आंधळ्या झालेल्या कोंबडीला खाद्य-पाणी सापडत नाही. वजन घटतं, अंडी घटतात आणि मरतात त्या बऱ्याचदा उपासमारीने. हे मरण पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

दुसरा प्रकार घातक आहे. याला ओली देवी म्हणतात. बाहेरून कोंबडी बरी दिसते, पण मान लांब करून, चोच उघडून श्वास घेते आणि घशातून आवाज येतो. अशी कोंबडी धरून चोच उघडा आणि आत बॅटरी मारा. जिभेवर, टाळूवर, घशाच्या तोंडाशी पनीरच्या चुऱ्यासारखे पिवळट थर दिसतील. घट्ट चिकटलेले असतात, खरवडले तर रक्त येतं. हेच थर श्वासनळीच्या तोंडाशी जमले तर कोंबडी गुदमरते. या प्रकारात मरतूक निम्म्यापर्यंतही जाऊ शकते.

दिसायला देवीसारखं, पण देवी नाही

तोंड सुजलंय, नाकातून घाण वासाचा स्राव येतोय आणि दोन-चार दिवसांत निम्मं शेड तसंच दिसतंय, तर तो कोरायझा (जिवाणूंमुळे होणारी सर्दी) असण्याची शक्यता जास्त. देवीत असा वास नसतो आणि पसरण्याचा वेगही इतका नसतो. खोकताना रक्ताळलेला चिकट स्राव उडत असेल, भिंतीवर रक्ताचे शिंतोडे दिसत असतील, तर श्वासनळीचा आयएलटी हा रोग डोक्यात घ्या. अन्ननलिकेत बारीक पांढऱ्या पुटकुळ्या आणि अंगावर एकही फोड नाही, तर ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. बुरशी लागलेल्या खाद्यातल्या विषानेही तोंडात पिवळट चट्टे पडतात. अशा वेळी खाद्याची गोणी उघडून वास घ्या. चोच मारल्याची जखम तुऱ्यावर एक-दोन ठिकाणी असते आणि ताजी असताना लाल असते.

एक गोष्ट मात्र अंदाजावर सोडू नका. रात्रीत एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या आणि तुरे काळे-निळे पडून सुजले असतील, तर ती देवी नव्हे. बर्ड फ्लूची शंका धरा, मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका, फाडून तर मुळीच बघू नका, आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रीत.

पहिल्या बॅचला ‘ही देवीच’ असं स्वतःच ठरवण्यापेक्षा पशुधन विकास अधिकाऱ्यांना, म्हणजे सरकारी पशुवैद्यांना बोलवा. फोडाचा तुकडा तपासणीला पाठवायचा असेल तर तो कसा आणि कुठे पाठवायचा हे तेच सांगतील.

फोड दिसल्यानंतरचे पहिले तीन दिवस

*पहिला दिवस: मोजणी.* औषधाच्या दुकानात पळण्याआधी मोजा. ५०० कोंबड्यांचं शेड असेल तर सगळ्या भागांतून किमान १०० तपासा. त्यात फोडवाल्या किती, ओल्या देवीच्या किती, डोळे मिटलेल्या किती हे वहीत लिहा. पुढचा सगळा निर्णय या आकड्यावर आहे. साधारण पाचव्या हिश्शापेक्षा कमी पक्ष्यांना फोड असतील तर उरलेल्या निरोगी पक्ष्यांना लगेच लस टोचण्यात अर्थ आहे. निम्म्याहून अधिक पक्ष्यांवर फोड असतील तर लसीचा पैसा बहुतेक वाया जातो, तेव्हा शुश्रूषेवर भर द्या. मधल्या आकड्याला डॉक्टरांना विचारून ठरवा.

*त्याच दिवशी: वेगळं करणं.* फोडवाल्या कोंबड्या वेगळ्या खोलीत, जाळीत डास शिरणार नाहीत अशा जागी ठेवा. डोळे मिटलेल्यांचा आणखी वेगळा कप्पा करा. तिथे खाद्याचं आणि पाण्याचं भांडं अगदी पायाशी हवं. खाद्य पाण्यात भिजवून मऊ करा आणि दिवसातून तीनदा प्रत्येकीची चोच पाण्यात बुडवून तिला पाणी कुठे आहे ते कळू द्या. काम कंटाळवाणं आहे, पण देवीत जीव वाचतात ते बहुतेक इथेच. निरोगी शेडचं काम आधी, आजारी कप्प्याचं शेवटी. चपला आणि भांडी दोन्हीकडची वेगळी.

*दुसरा दिवस: लस.* त्याची रीत पुढे सविस्तर दिली आहे. एवढंच लक्षात ठेवा की लसीनंतर संरक्षण तयार व्हायला १० ते १४ दिवस लागतात. त्या काळात नवे फोड दिसतच राहणार, कारण ते पक्षी आधीच रोग घेऊन बसले होते. ‘लस दिली आणि रोग वाढला’ असं म्हणून घाबरू नका.

*तिसऱ्या दिवसापासून: शुश्रूषा.* देवीच्या विषाणूवर औषध नाही. अँटिबायोटिक विषाणूला मारत नाही, ते फोडांत शिरलेल्या जिवाणूंसाठी असतं. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं तरच द्या आणि अंड्यावरच्या कोंबड्यांना दिलं तर ती अंडी किती दिवस विकायची नाहीत हे त्यांच्याकडून लिहून घ्या. ‘अ’ जीवनसत्त्व असलेलं टॉनिक पाण्यातून पाच ते सात दिवस, बाटलीवरच्या मात्रेने द्या.

फोड धुवायला लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, १ लिटर पाण्यात १ ग्रॅम घ्या. एकही खडा न विरघळलेला राहता कामा नये, नाहीतर कातडी भाजते. धुऊन कोरडं केल्यावर पोव्हिडोन आयोडीनचं मलम लावा. डोळ्यांजवळ यातलं काहीही नको. उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात सपाट चमचाभर मीठ घालून त्याने पापण्या भिजवा, चिकटलेला स्राव मऊ झाला की कापसाने पुसा आणि डोळ्यांचं मलम डॉक्टरांनी दिलेलंच वापरा. तोंडातल्या थरांवर बोरो-ग्लिसरीन लावतात. श्वास अडकतोय म्हणून तो थर चिमट्याने ओढण्याचा प्रयत्न नवख्याने करू नये. रक्त श्वासनळीत उतरून कोंबडी हातातच जाते.

हळद आणि कडुनिंबाचा पाला खोबरेल तेलात वाटून लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. लावायला हरकत नाही, खपली मऊ राहते आणि माशा कमी बसतात. पण त्याने रोग थांबतो असं समजून लस आणि डासांचा बंदोबस्त सोडून देऊ नका.

खपल्या ओढून काढू नका. प्रत्येक ओढलेली खपली म्हणजे त्या पक्ष्याला नवी जखम आणि लिटरमध्ये पडलेली विषाणूची पुडी.

लस: वय, मात्रा, हात

अंड्यावरच्या आणि गावरान किंवा सुधारित गावरान कोंबड्यांना ही लस सहसा ६ ते ८ आठवड्यांच्या वयात देतात. शेजारी रोग चालू असेल तर त्याआधीही देतात, पण लहान पिल्लांसाठी सौम्य लस कोणती हे विचारूनच. अंड्यावर येण्याच्या किमान चार आठवडे आधी लसीकरण आटोपलेलं असावं, नाहीतर तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर यायच्या वेळेलाच अंगावर ताण येतो. ब्रॉयलरला बहुतेक ठिकाणी ही लस देत नाहीत, कारण ३५ ते ४२ दिवसांत बॅच विकली जाते. मात्र लागोपाठ दोन बॅचला देवी आली असेल तर डॉक्टरांशी बोलून बघा. दुसऱ्या कुठल्याही लसीपासून आठवडा-दहा दिवसांचं अंतर ठेवा.

लस जिवंत विषाणूची असते, वाळवून कुपीत भरलेली. २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. दुकानातून आणताना थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, खिशात किंवा दुचाकीच्या डिकीत नव्हे. पंखात टोचायच्या १००० डोसांच्या कुपीसोबत लस मिसळायला साधारण १० मिलि द्रव येतो. काही कंपन्यांची लस इंजेक्शनने द्यायची असते आणि तिचं द्रव, मात्रा, सगळं वेगळं असतं. म्हणून लेबल वाचा आणि एकीचं द्रव दुसरीत वापरू नका. मिसळलेली लस बर्फावर आणि सावलीत ठेवून तासा-दोन तासांत संपवायची. ५०० कोंबड्यांसाठी १००० ची कुपी फोडली तर उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. शेजाऱ्याची पिल्लं त्याच वयाची असतील तर दोघांनी एकच दिवस धरा.

आता हात. मदतनीस कोंबडी आडवी धरतो आणि एक पंख पूर्ण उघडतो. खांद्यापासून पंखाच्या सांध्यापर्यंत पुढच्या कडेला एक पातळ, पारदर्शक कातडीचा पडदा ताणला जातो, उजेडासमोर धरला तर त्यातल्या शिरा दिसतात. तिथली बारीक पिसं बाजूला करा. लसीसोबत मिळणारी दोन टोकांची सुई कुपीत बुडवा, दोन्ही टोकांच्या खाचा भरल्या आहेत ना ते बघा आणि पंखाच्या खालच्या बाजूने शीर, हाड आणि मांस चुकवून पडद्यातून आरपार टोचा. सुई पिसांना घासली तर लस पिसांनाच पुसली जाते आणि कोंबडी कोरी राहते. नवख्याची सर्वांत जास्त होणारी चूक हीच.

दुसरी चूक म्हणजे स्वच्छतेच्या उत्साहात पंखाला स्पिरिट लावणं किंवा सुई डेटॉलच्या पाण्यात बुडवणं. त्याने जिवंत लस जागीच मरते. सुई उकळून, कोरडी आणि गार करून घ्यायची, बस. रोग चालू असलेल्या शेडात टोचताना सर्वांत लांबच्या, निरोगी दिसणाऱ्या कोंबड्यांपासून सुरुवात करा आणि मधूनमधून सुई बदला, नाहीतर तुम्हीच डासाचं काम कराल. फोडवाल्या किंवा सुस्त कोंबडीला टोचू नका. टोचलेली आणि न टोचलेली मिसळू नये म्हणून मध्ये जाळी लावून एका बाजूने दुसऱ्या बाजूला सोडत जा. रिकाम्या कुप्या उकळा किंवा जाळा, उकिरड्यावर टाकू नका, आणि हात धुवा.

७ ते १० दिवसांनी काम बसलं का ते बघायचं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. पन्नासेक कोंबड्यांचे पंख उघडा. टोचलेल्या जागी वाटाण्यापेक्षा लहान सूज किंवा खपली हवी. दहात आठ-नऊ जणींना दिसली तर लसीकरण नीट झालं. निम्म्यांनाच दिसली तर लस वाटेत गरम झाली, जुनी होती किंवा हात चुकला. तेव्हा दुसऱ्या बॅच क्रमांकाची लस आणून पुन्हा टोचा.

डास

क्युलेक्स जातीचे डास घाण पाण्यात वाढतात आणि अंड्यापासून उडता डास व्हायला त्यांना आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक ठरलेला दिवस कोरडा पाळा. पाणी पिण्याची गळकी निपल बदला, पाण्याच्या भांड्याखालचं ओलं लिटर काढून कोरडं तूस घाला, टाकीला झाकण, पिंजऱ्याखालच्या विष्ठेत पाणी साचू देऊ नका, शेडमागची टायरं आणि फुटकी डबडी हलवा. जो खड्डा बुजवता येत नाही त्यात थोडं जळकं ऑइल टाका, मात्र विहिरीजवळ किंवा ओढ्याच्या वाटेवर नको. पावसाळ्यात संध्याकाळी बाजूंना बारीक जाळी लावता आली तर उत्तम. धूर करायचाच तर शेडबाहेर, वाऱ्याने तो आत येणार नाही अशा बाजूला, आत नाही. ओल्या देवीच्या कोंबडीला धूर म्हणजे मरण.

बॅच गेल्यावर

बरी झालेली कोंबडी पुढे देवीला दाद देत नाही आणि अंडीही पुन्हा देऊ लागते, म्हणून बरी होणारी विकून टाकण्याची घाई नको. मेलेल्या कोंबड्या तीन-चार फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांपुढे टाकू नका.

शेड रिकामं झाल्यावर लिटरवर आधी थोडं पाणी शिंपडा, म्हणजे खपल्यांची धूळ उडणार नाही, आणि मगच ते काढून लांब नेऊन कुजवा. पिंजरे, जाळ्या, भांडी साबणाच्या पाण्याने घासा. खपली चिकटलेली असताना वरून जंतुनाशक मारलं तर आतल्या विषाणूपर्यंत ते पोचत नाही, म्हणून क्रम घासणं, वाळवणं, मग जंतुनाशक असाच. हा विषाणू फिनाईलच्या सौम्य पाण्याला भीक घालत नाही, उष्णतेला मात्र टिकत नाही. ६० अंशांना काही मिनिटांतच निकामी होतो. म्हणून लोखंडी जाळ्या आणि काँक्रीटच्या फटींवरून फ्लेमगनची (गॅसवर चालणाऱ्या बंबाची) ज्योत फिरवा आणि भिंतींना ताजा चुना द्या. त्यानंतर दोन ते तीन आठवडे शेड मोकळं आणि कोरडं राहू द्या. त्या मोकळ्या दिवसांतच पुढच्या बॅचच्या सहाव्या आठवड्याची तारीख काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘देवीची लस’ असं लिहून ठेवा.